टाचणीच्या पुढच्या खोलीची मोजणी

माझ्या पोटाचा सगळा इतिहास एका बाईच्या टेपवर लिहिलेला आहे. पंचविसाव्या वर्षी रंगमंचावर पहिल्यांदा राजा झालो तेव्हा तिने माझी कंबर मोजली आणि तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाली, "तीस." शेवटचा राजा केला तेव्हा एकेचाळीस होती. झगा मात्र तोच. मधले अकरा इंच तिने कुठून आणले ते तिलाच ठाऊक. थोडे शिवणीत दुमडून ठेवलेलं कापड सोडून, थोडे काखेखाली पट्ट्या जोडून. पहिल्याच दिवशी एवढं कापड आत का दाबलंस असं विचारलं, तर म्हणाली, "राजे जाड होतातच."

आमच्या नाटक कंपनीत तिचं नाव टाचणी. बारीक, ताठ आणि टोचणारी. तोंडावर तसं म्हणायची हिंमत दोघांचीच होती: तिचा नवरा, जो आमचे दिवे सांभाळायचा, आणि मी. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. ती मला अजूनही महाराज म्हणते, पण त्या महाराजमध्ये आदर शोधायचा तर भिंग घेऊन बसावं लागेल.

कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही सगळे चार दिशांना पांगलो. कोणी जावयाच्या दुकानात बसला, कोणी नुसताच बसला. टाचणी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या पुढच्या खोलीत पायमशीन मांडून मोकळी. अरुंद गल्लीतलं तीन खोल्यांचं घर, खोल्या एकामागे एक. पुढच्या खोलीला रस्त्यावरचं दार, मधल्या खोलीत झोपायचं, मागे स्वयंपाकघर. ते घर नवराबायकोने एकेक खोली करत वीस वर्षांत घेतलेलं. तिथे ती आणि तिची थोरली नणंद अशा दोघीच राहतात. नणंदेने उभा जन्म टेलिफोन ऑफिसात लोकांच्या तारा जोडून दिल्या. लग्न केलं नाही, कारण त्यांच्याच शब्दांत, "सगळ्या गावाचे संसार कानाने ऐकले होते." टाचणी त्यांना वन्सं म्हणते, म्हणून सगळी गल्ली वन्सं म्हणते, म्हणून मीही. त्यांचं निवृत्तिवेतन औषधांत आणि विजेच्या बिलात संपतं. दोघींच्या पोटाला जे लागतं ते मशीन देतं.

टाचणीला मी स्वस्थ बसलेलं कधी पाहिलंच नाही. मशीनवर बसते, पण तिथेही पाय चालू. नाटकाचा प्रयोग सुरू असला की ती विंगेत उभी, सुईत दोरा ओवलेला, आणि कोणाचं बटण केव्हा तुटतंय याची वाट बघत. एकदा मी मरणाच्या प्रसंगात आडवा पडलो होतो, सगळं प्रेक्षागृह रडत होतं, आणि विंगेतून हिचा आवाज आला, "महाराज, कूस बदला, पाठीला उसवलंय." मेल्यावर मी कूस बदलली. लोकांना वाटलं, प्राण अजून घुटमळतोय. त्या दिवशी टाळ्या दुप्पट पडल्या.

तर अशी ही बाई. गेल्या दोन वर्षांत तिचं काम वाढलं होतं आणि त्या वाढीने ती खूश नव्हती. नवे कपडे शिवायला कोणी येत नव्हतं. येत होते ते झिजलेली कॉलर उलटी करून बसवायला. वाढत्या मुलांच्या कपड्यांची खालची दुमड सोडायला. मध्ये विरलेली चादर उभी फाडून, तिच्या चांगल्या कडा मध्ये आणून जोडायला. पडद्याच्या उशा करायला. पुरुषांच्या विजारी कमरेत घट्ट करायला आणायचे, ते तिला सगळ्यात नको असायचं. "एका वर्षात दोन इंच उतरलाय," ती एकदा शेजारच्या एका मास्तरांबद्दल म्हणाली. "व्यायामाने नाही उतरलेला." दूध वाढलं, गॅस वाढला, भाडी वाढली. गल्लीत कोणाचं काय चाललंय ते वन्संना बोलण्यावरून कळायचं आणि टाचणीला कपड्यांवरून.

दोऱ्याचं रीळही वाढलं होतं, पण तिचे दर नऊ वर्षांपूर्वीचेच. कापड समोर असलं की ती कोणालाही काहीही सुनावेल. तोंडाकडे बघून आकडा सांगायची वेळ आली की मात्र टाचण्या तोंडात घालते आणि बोटांनीच काहीतरी दाखवते. समोरचा सोयीचं तेवढं समजून घेतो.

अशात प्रांताच्या सरकारने नवा कर आणला. घरोघरी पत्रक आलं: सात कर गेले, एकच आला. पाण्याचा, गटाराचा, दिवाबत्तीचा, कचऱ्याचा, आणखी कसले कसले सगळे रद्द, आणि त्यांच्या जागी एकच घरकर. टाचणीला पत्रक फार आवडलं. एक तर सात रांगांऐवजी एक रांग. दुसरं म्हणजे कागद. "बघा महाराज, काय जाड कागद आहे! सरकारने पहिल्यांदाच काहीतरी टिकाऊ दिलंय." असं म्हणून तिने तिथल्या तिथे त्याच्यातून शर्टाच्या कॉलरचा साचा कापला आणि भोक पाडून खिळ्याला अडकवला. त्या साच्यावर पुढे कितीतरी कॉलरी निघाल्या.

पण पुढच्या महिन्यात समजलं की हा एकच कर घरामागे नव्हता, फुटावर होता. आणि राहायच्या फुटाला जो दर, त्याच्या चौपट धंद्याच्या फुटाला. घरोघर माणूस येऊन मोजणार होता. आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाची मोजणी आधी झाली. चार दारं पलीकडे एकजण पुढच्या खोलीत लोकांचे केस कापायचा. त्याच्या घराची मोजणी झाली आणि स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत अख्खं घर धंद्याचं म्हणून लिहिलं गेलं. पुढच्या आठवड्यात त्याने खुर्ची आणि आरसा विकला.

टाचणीने बोटांवर हिशेब घातला. अख्खं घर धंद्याचं लिहिलं तर वर्षातले पाच महिने मशीन नुसतं करासाठी चालणार. मशीन बंद केलं तर खायचं काय? आणि घर विकलं तर दोघींनी या वयात जायचं कुठे?

त्या दिवसांत तिच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी माझ्याकडे यायची, दारातच उभी राहून "काही कळलं का?" विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत परत. दुपारी पुन्हा. एकदा आली ती टेप गळ्यात आणि एका पायात वन्संची चप्पल. वन्सं सांगायच्या, "जेवताना उठते, दार बघून येते, परत बसते. अहो, घास चावते ते सुद्धा उभ्याने." आणि मग ते झालं, जे पन्नास वर्षांत कधी झालं नव्हतं. एका शर्टाला तिने काजं उलट्या बाजूला पाडली. सहाच्या सहा. तो शर्ट मांडीवर घेऊन ती कितीतरी वेळ बघत राहिली. ते पाहिलं आणि माझ्याच्याने राहवेना.

"टाचणी," मी म्हणालो, "एका दिवसापुरतं मशीन नाहीसं करू."

"म्हणजे?"

"म्हणजे नेपथ्य. पुढच्या खोलीत बैठकीची खोली उभी करायची. मोजणीचा माणूस आला, बघितलं, राहतं घर लिहिलं, गेला. पडदा."

"मला नाटक येत नाही."

"तुला काही करायचंच नाही. नुसतं बसायचं."

"तेच येत नाही," ती म्हणाली.

तिच्या मनात नव्हतं, हे मी आजही सांगतो. हट्ट माझा होता. इतक्या वर्षांनी कोणाला तरी माझी गरज पडली होती, आणि मोहाला मी कधी फारसा विरोध केलेला नाही.

आमच्या कंपनीत एकच सुतार होते, ते अजून हयात आहेत. म्हातारे झालेत, पण निरोप मिळताच हातोडी घेऊन आले. माझ्या घराच्या गच्चीवर एक फ्लॅट होता. राहायचा नव्हे, लाकडी चौकटीवर कापड ताणून, त्यावर भिंत किंवा झाड रंगवून रंगमंचावर उभं करतात, त्याला आम्ही फ्लॅट म्हणतो. माझ्या फ्लॅटवर भिंत रंगवलेली होती, भिंतीत मोठी खिडकी, खिडकीत मावळतीचं आकाश आणि डोंगरामागे अर्धा सूर्य. कंपनी मोडली तेव्हा वाटणीत कोणी दिवे घेतले, कोणी गाडी. मी ही खिडकी घेतली. त्याच खिडकीकडे हात करून मी तीनशेवर वेळा शेवटचं भाषण केलं होतं. त्याचं कापडही टाचणीनेच जोडून शिवलेलं.

मोजणीच्या दिवशी सकाळी आठला काम सुरू केलं आणि दहाला खोली तयार. कापायचं टेबल, कपड्यांचे गठ्ठे, कपडे चढवून बघायचे दोन पुतळे, इस्त्री, सगळं फ्लॅटमागे. मशीनवर चादर, चादरीवर फुलदाणी. तीन खुर्च्या. मी मधल्या खुर्चीत, टाचणीचा बाहेरगावचा भाऊ. सुतार फ्लॅटमागे, कारण टेकू जुना होता, भरवसा नव्हता. वन्संना एकच वाक्य दिलं: "पाणी आणू का?"

"आणि त्याने हो म्हटल्यावर?"

"उठायचं आणि आत जायचं."

"आणि नाही म्हटल्यावर?"

"तो नाही म्हणणार नाही, वन्सं. एवढ्या उन्हातून येतोय."

साडेअकराला दार वाजलं. चाळिशीचा, घामाघूम झालेला माणूस आत आला. खांद्याला पिशवी, काखेत वही, हातात स्टीलचा टेप. दोन पावलं टाकली आणि थबकला. आम्ही तिघंही त्याच्याकडे तोंड करून बसलो होतो.

"माझीच वाट बघत होता का?"

"छे, छे!" मी म्हणालो. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, म्हणजे समोरच्या घरापर्यंत. "आम्ही आपले सहज बसलो होतो. बहिणीकडे आलोय चार दिवस. या!"

"पाणी आणू का?" वन्सं वेळेवर म्हणाल्या.

"नको, आत्ताच प्यायलो."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली. "पाणी आणू का?" त्या पुन्हा म्हणाल्या, आणि तो पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्या वेळी त्यांनी पुस्ती जोडली, "घ्या हो, नाहीतर मला उठता येत नाही."

त्याने खोली पाहिली, मग खुर्च्या पाहिल्या. "लोकांच्या घरात खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून असतात," तो म्हणाला. "तुमच्या सगळ्या दाराकडे?"

आयुष्यभर प्रेक्षकांकडे पाठ करून कधी बसलो नाही. सुतारांनी कधी तशी खुर्ची मांडली नाही. आणि तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

मग तो खिडकीपाशी गेला. "बाहेर रणरणतं ऊन, आणि तुमच्या खिडकीत संध्याकाळ?"

"चित्र आहे," मी म्हणालो. "हौस." आणि त्याच वेळी मागे सुतारांनी श्वास घेतला असावा, कारण सूर्य जरा वर आला.

एवढ्यावरही कदाचित निभावलं असतं. माणूस दमलेला होता, त्याला अजून अर्धी गल्ली मोजायची होती. त्याने टेपचं टोक भिंतीला लावलं आणि दुसरा हात उंच केला. काखेत त्याचा शर्ट चांगला चार बोटं उसवलेला होता.

मला दिसला. मी टाचणीकडे पाहिलं. तिलाही दिसला होता. तिने मांडीवर हात दाबून धरले. मी डोळ्यांनी विनवलं. एक क्षण, दोन क्षण, आणि ती उठलीच. तो टेप वाचत होता तेवढ्यात त्याच्या काखेत हात घालून म्हणाली, "हात खाली आणू नका." तोंडातून एक टाचणी काढून लावली, मग दुसरी. मोजणीच्या माणसाच्या स्वागताला ही बाई टाचण्या तोंडात धरून बसली होती! "आत कापड आहे अजून. शर्ट काढून द्या, पाच मिनिटांचं काम आहे. असाच घातलात तर संध्याकाळपर्यंत खिशापर्यंत जाईल."

त्याचा हात अजून वरच.

"मावशी, शिवणकाम करता?"

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हण, नाही म्हण, मी जिवाच्या आकांताने ओठ हलवत होतो.

"पन्नास वर्षं," ती म्हणाली. मग तिने फुलदाणी उचलून वन्संच्या मांडीवर ठेवली, मशीनवरची चादर ओढली आणि म्हणाली, "पडदा पाडा, महाराज. मला बसवत नाही."

फ्लॅट बाजूला सरला. मागे सुतार, दोन्ही बगलांत एकेक पुतळा.

"हे कोण?"

"नेपथ्य," वन्सं म्हणाल्या.

तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही. खुर्चीत बसला, शर्ट काढून टाचणीच्या हातात दिला आणि बनियनवर बसून वही उघडली. "धंदा लपवला तर दंड वेगळा असतो, माहिती आहे?" आमची तोंडं उतरली. "पण मी अजून काही लिहिलेलं नाही. आल्यापासून नाटकच बघतोय, आणि त्याला वहीत रकाना नाही." मग टाचणीला म्हणाला, "एवढा खटाटोप कशाला केलात? नियम चार वाचला नाही का? पत्रकाच्या मागे छापलाय."

"कुठलं पत्रक?"

"सात कर गेले, एकच आला. घरोघरी वाटलंय."

टाचणीचे पाय थांबले. हात आपोआप भिंतीवरच्या खिळ्याकडे गेला. तिने साचा उलटा केला. कॉलरच्या वळणावर बारीक अक्षरात चार ओळी होत्या, आणि चारही मध्येच कापलेल्या. वन्संनी चष्मा लावून वाचल्या, "धंद्याचा भाग राहत्या भागापासून कायमच्या आडोशाने... पुढे गळा आलाय."

"वेगळा केलेला असेल, तर तेवढ्याच भागाला धंद्याचा दर," त्याने पाठ म्हटलं. "बाकी घर राहतं. त्या केस कापणाऱ्यालाही मी हेच सांगितलं होतं. तो भांडत बसला. आडोसा केलाच नाही."

"आडोसा मोजणीच्या दिवशी असायला पाहिजे ना?" मी विचारलं.

"दिवशी, हो. दिवस अजून आहे." त्याने टाचणीकडून शर्ट घेतला, काखेतली शिवण दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली आणि घातला. पैसे विचारले. तिने तोंडात टाचण्या घातल्या आणि बोटं दाखवली. त्याने ती मोजून तेवढे ठेवले. "मी समोरची रांग मोजतो. चारला येतो. पण कायमचा हवा. हाताने धरलेला नको," सुतारांकडे बघत तो म्हणाला.

तो गेला आणि सुतारांनी डोक्याला हात लावला. साठ वर्षं त्यांनी जे उभं केलं ते रात्री मोडून गाडीत भरण्यासाठी. टेकू, वाळूच्या पिशव्या, दोऱ्या. कायमचं म्हणून त्यांनी आयुष्यात काही ठोकलेलं नव्हतं. "भिंतीत भोकं पाडायची?" ते विचारत होते, एखाद्याचा जीव घ्यायला सांगितल्यासारखे.

"विटा आणून भिंत घालू," मी म्हणालो.

"चार वाजेपर्यंत?" टाचणी म्हणाली. ती फ्लॅटपाशी उभी होती, टेप लावून. रुंदी बरोबर बसत होती. नऊ फुटांच्या खोलीत सात फुटांचा फ्लॅट, बाजूला दोन फुटांची वाट. उंची मात्र फूटभर जास्त होती. सकाळी आम्ही तो तिरका टेकवला होता. ती टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"काप," मी म्हणालो.

"महाराज, तुमचा आहे."

"मी तिथे तीनशे वेळा मेलोय. आणखी एकदा."

सुतारांनी विचारलं, "वरून कापू की खालून?" वर आकाश, खाली भिंत. खालून कापलं तर आकाश राहणार होतं, पण चौकटीचा मजबूत भाग खाली होता. "आकाश काप," मी म्हणालो, आणि बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिलो. करवतीचा आवाज आला, मग कात्रीचा. कात्री तिची होती, तो आवाज मला डोळे मिटूनही ओळखू येतो.

पुढचे तीन तास ती गरगर फिरत होती. शेजाऱ्याकडून ड्रिल आणलं, सुतारांच्या हातात दिलं, काढून घेतलं, पुन्हा दिलं. दहा वेळा दारात जाऊन गल्ली बघितली. टेबल, पुतळे, इस्त्री सगळं रस्त्याच्या बाजूला ओढलं, मशीनच्या भोवती कोंबलं. चारला दहा मिनिटं कमी असताना सुतारांनी शेवटचा बोल्ट पिळला आणि फ्लॅटला खांदा देऊन ढकललं. हलला नाही. म्हातारा बिचारा दचकला. त्याच्या हातचं काहीतरी पहिल्यांदाच जागचं हललं नव्हतं.

मोजणीवाला आला. त्यानेही ढकलून पाहिलं. मग टेप लावला, आणि टाचणी त्याच्या शेजारी वाकली.

"ढिला धरलाय. ताणा."

"ताणलाय मावशी."

"मध्ये झोल आहे. अर्ध्या इंचाचा." होताच. त्याने ताणला. नऊ बाय सहा. "आणि ही चौकट कोणाकडे धरणार?" ती म्हणाली. "तीन इंच जाड आहे."

तो विचारात पडला. "नियमात नाही."

"माझ्या बाजूला धरा," आतून वन्संचा आवाज आला. "मी स्वस्त आहे."

आता मात्र तो हसला. चौपन्न फूट धंदा लिहिलं, बाकी राहतं. बाकीच्या घराला साधा दर आणि या तुकड्याला चौपट, म्हणजे सगळा मिळून राहत्या घराच्या दीडपट कर. त्याने पावती फाडून दिली. टाचणीने ती दोनदा वाचली. या वेळी मागची बाजूसुद्धा.

घर राहिलं, मशीन राहिलं. आम्ही चहा प्यायलो. ती उभ्यानेच.

"अगं वहिनी," वन्सं फ्लॅटच्या मागून म्हणाल्या, "मला काही दिसत नाही गं."

त्यांची खुर्ची वर्षानुवर्षं त्या खोलीत, दाराकडे तोंड करून. तिथून त्या रस्ता बघायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायच्या. आता त्यांच्यासमोर फ्लॅटची पाठ होती. मळकं कापड आणि लाकडाच्या पट्ट्या. आणि अंधार.

टाचणीने कप खाली ठेवला. मोजणीवाला दारात चपला घालत होता. "साहेब, आडोशाला खिडकी चालते का?"

त्याने वही उघडली, मिटली. "मनाई तर नाही."

तिने कात्री उचलली. माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिने माझ्यावर केलेले उपकार. अर्ध्या सूर्यात टोक खुपसलं आणि चारही बाजूंनी कापत गेली. डोंगर, ढग, संध्याकाळ, सगळं एका तुकड्यात तिच्या हातावर आलं. त्या भोकातून वन्संचा चेहरा दिसला, आणि त्या लगेच म्हणाल्या, "महाराज, तुमच्या मागे झग्याला जळमट लागलंय." झगा नव्हता, साधा सदरा होता. जळमट मात्र होतं.

दुसऱ्या दिवशी दर वाढवणं आलं. दीडपट कर कुठून तरी निघायला हवा होता. पाटी मी लिहिली, माझं अक्षर मोठं आहे.

"लहान लिहा," टाचणी म्हणाली.

"लहान लिहिलं तर कोणाला दिसणार नाही."

"म्हणूनच."

मोठंच लिहिलं. फार काही वाढवलं नव्हतं, पण नऊ वर्षांनंतर कुठलाही आकडा मोठाच दिसतो. पाटी लावून ती मशीनवर बसली, आणि पाय सुरू झाले. सुईखाली कापड नव्हतं.

पहिली आली ती मागच्या गल्लीतली एक बाई, तीन मुलींची आई. पिशवीत शाळेचे तीन फ्रॉक, तिन्हींची खालची दुमड सोडायची होती. तिने पाटी वाचली. पुन्हा वाचली. "वाढलं का हो?"

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या, उशीला खोचल्या. "वाढलं," ती म्हणाली. मला तो शब्द ऐकू आला, म्हणजे मोठ्याने म्हणाली.

"बरं." बाईने दोन फ्रॉक टेबलावर ठेवले, आणि सगळ्यात लहान घडी घालून परत पिशवीत टाकला. "हा राहू दे. हिला अजून येतोय." आणि गेली.

टाचणीने दोन्ही फ्रॉक उलटे केले, दुमडीत आत किती कापड आहे ते बोटाने पाहिलं, बाजूला ठेवले. पुन्हा हातात घेतले. टेप गळ्यातून काढला, घातला. उठली, खुर्ची सरळ केली, बसली. मी काहीतरी बोलावं म्हणून घसा साफ केला, तर तिने हातानेच गप्प केलं.

"वहिनी," खिडकीतून वन्संचा आवाज आला. "ती बाई गेली नाही. कोपऱ्यावर उभी आहे. पिशवीतून तो फ्रॉक काढून बघतेय."

कात्री टेबलावर पडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तेव्हा मशीनचं चाक एकटंच फिरत होतं, आणि टाचणी टेप गळ्यात, अनवाणी, अर्धी गल्ली ओलांडून गेली होती.